ब्रेकवर पाय घसरतो: घरच्या सिम रेसिंगसाठी कोणते बूट घ्यावेत?

वाचकाचा प्रश्न

एका वाचकाने सविस्तर पत्र पाठवले आहे, त्याचा सारांश असा. गेली तीन वर्षे ते रोज रात्री तासभर घरी सिम रेसिंग करतात, म्हणजे स्टिअरिंग आणि पेडल्स जोडून पडद्यावरच्या मोटार शर्यती खेळतात. सुरुवातीपासून त्यांच्याकडे साध्या स्प्रिंगची पेडल्स होती आणि ती ते नुसते मोजे घालून वापरत. चार महिन्यांपूर्वी त्यांनी लोड सेलचा, म्हणजे पायाचा दाब मोजणारा, ब्रेक असलेला संच घेतला आणि तेव्हापासून सगळी घडी विस्कटली. जोरात ब्रेक दाबताना डावा पाय पेडलवरून वर सरकतो, पेडलच्या पट्टीवरील भोकांच्या कडा चवड्याला टोचतात आणि तासाभराने अंगठ्याजवळ बधिरपणा येतो. रोजच्या वापरातले धावण्याचे बूट घालून पाहिले तेव्हा घसरणे बरेच कमी झाले, पण ब्रेक किती दाबला गेला आहे याचा अंदाजच येईना. शिवाय डाव्या बुटाची कड दोनदा थ्रॉटलला, म्हणजे वेग वाढवायच्या पेडलला, लागली. सोबत शर्यती करणारे मित्र सांगतात की खऱ्या रेसिंगचे बूट घेतल्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही. घरच्यांना मात्र खोलीत बसून करायच्या छंदासाठी वेगळे बूट घेणे अनाठायी वाटते. पेडल्स लाकडी फळीवर स्क्रूने बसवलेली आहेत. खुर्ची ऑफिसची, चाकांची आहे, पण पाठीमागे भिंत असल्यामुळे ती सरकत नाही, असे ते लिहितात. त्यांचे प्रश्न दोन आहेत: रेसिंगचे बूट घ्यावेत का, आणि घेतले तर लॅपचा, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीचा, वेळ कमी होईल का?

उत्तर

प्रिय वाचकमित्र,

तुमचे पत्र वाचताना सर्वांत आधी एक गोष्ट जाणवली. तुमच्या तक्रारी तीन आहेत, पण त्या सगळ्यांना तुम्ही ‘बूट’ हे एकच नाव देऊन टाकले आहे. पाय घसरणे, चवडा दुखून बधिर होणे आणि दाबाचा अंदाज न येणे या तिन्ही गोष्टी एकाच वेळी सुरू झाल्या, त्यामुळे त्यांचे मूळही एकच असावे असे वाटणे स्वाभाविक आहे. माझ्या मते यातली पहिली तक्रार बहुतांशी बुटांची नाहीच, दुसरी खरोखरच पायात काय घातले आहे याच्याशी निगडित आहे, आणि तिसरी तर चुकीचे बूट घातल्यामुळे निर्माण झालेली आहे. म्हणून तिघींचा वेगवेगळा विचार करू. तसे केल्यावर तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आपोआप पुढे येतील.

आधी चार महिन्यांपूर्वी नेमके काय बदलले ते पाहू. लॉजिटेक जी२९ सारख्या संचातील पेडल्समध्ये पोटेन्शिओमीटर असतो, म्हणजे पेडल किती अंतर आत गेले ते मोजले जाते. तिथे पायाला एवढेच लक्षात ठेवायचे असते की पेडल कुठवर न्यायचे. लोड सेल मात्र अंतर मोजत नाही. त्यातल्या धातूच्या तुकड्यावर दाब आला की तो अतिशय सूक्ष्म प्रमाणात वाकतो, त्यावर चिकटवलेल्या तारेचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून दाब किती आहे ते कळते. थ्रस्टमास्टरच्या टी-एलसीएम या संचाचा लोड सेल १०० किलोपर्यंतचा दाब मोजू शकतो. म्हणजे जे काम पूर्वी घोट्याच्या हलक्या हालचालीने होत होते, ते आता मांडीच्या आणि पोटरीच्या जोरावर करावे लागते. मोजे घालून तीन वर्षे तुमचे काही बिघडले नाही याचे कारण हे की तेव्हा पायावर जोरच येत नव्हता. मोजे तेच राहिले, काम मात्र अनेक पटींनी जड झाले.

आता घसरण्याकडे येऊ. पाय पेडलवरून सरकतो तो तळ गुळगुळीत असल्यामुळे, असा आपला समज असतो आणि तो अर्धाच खरा आहे. तुमच्या पायाचा जोर पेडलच्या पट्टीला काटकोनात लागत असेल, तर मोजा असला तरी तो सहसा सरकत नाही. जोर तिरका लागला, तर त्याचा एक हिस्सा पट्टीच्या पृष्ठभागावरून वर किंवा खाली सरकायला वापरला जातो आणि तेवढ्या हिश्श्याला धरून ठेवण्याचे काम घर्षणावर येऊन पडते. बऱ्याच पेडल्सची बिजागरी खाली असते, त्यामुळे पेडल दाबले जाते तशी पट्टी पुढे झुकते आणि पाय वर सरकू पाहतो. तुमचे वर्णन नेमके हेच आहे. इथे जास्त पकडीचा बूट घातला तर सरकणे थांबेल, पण तिरका जोर तिरकाच राहील आणि पुढे तो गुडघ्याला किंवा घोट्याला जाणवेल.

आणि खुर्ची. ती भिंतीला टेकलेली आहे, त्यामुळे चाके मागे जात नाहीत, हे मान्य. परंतु ऑफिसच्या खुर्चीची पाठ मागे कलते, तिच्यातला फोम दबतो आणि बसण्याचा भाग मधल्या दांड्यावर थोडासा डुलतो. तुम्ही ब्रेकवर ४० किलोचा दाब दिला की तेवढाच दाब तुमच्या कमरेतून खुर्चीच्या पाठीवर जातो, ती कलते, तुमचा खुबा काही बोटे मागे आणि खाली जातो, आणि त्याबरोबर तंगडीचा पेडलशी असलेला कोन बदलतो. दाब वाढवतानाच कोन बदलत असेल, तर पाय एका जागी राहणार कसा? माझी तुम्हाला मनापासून विनंती आहे की बुटांचा विचार सुरू करण्याआधी एक संध्याकाळ फक्त खुर्चीसाठी द्या. पाठ कलण्याची कळ बंद करा, चाके काढून त्या जागी स्थिर पाय बसवता येत असतील तर बसवा, नाही तर चाके अडतील अशा खोलगट वाट्या त्यांच्याखाली ठेवा, आणि खुर्चीचा खांब व पेडलची फळी एका भक्कम पट्ट्याने एकमेकांना बांधून टाका, म्हणजे तुम्ही एकीला ढकलले की दुसरी तिला धरून ठेवील. फळीच्या पुढच्या कडेखाली पाचर देऊन पेडल्स थोडी तुमच्याकडे कलती करून पाहा. ब्रेक पूर्ण दाबलेला असताना नडगी आणि पट्टी यांच्यात साधारण काटकोन आला, की घसरण्याची निम्म्याहून अधिक तक्रार मिटलेली असेल, असे मला वाटते.

ती मिटली की नाही हे डोळ्यांनी पाहण्याचा एक सोपा मार्ग आहे, आणि मी स्वतः तो वापरतो. मोज्याच्या किंवा बुटाच्या तळाला चवड्यापाशी आणि टाचेपाशी पांढरा खडू भरपूर घासा आणि पाच लॅप नेहमीसारखे चालवा. नंतर दिवा जवळ नेऊन पेडलची काळी पट्टी नीट पाहा. पाय एका जागी राहत असेल, तर बोटभर रुंदीचा, कडा स्पष्ट असलेला एकच ठसा उमटलेला दिसतो. पाय सरकत असेल, तर तोच ठसा वरच्या बाजूला पुसटत, ओरखड्यासारखा लांबलेला दिसतो. टाचेखालच्या पत्र्यावरही असेच पाहा. तिथे खडूचा गोल ठिपका उमटला तर टाच जागच्या जागी फिरते आहे, रेघ उमटली तर ती पुढे सरकते आहे. पहिल्यांदा केले तेव्हा मला धक्का बसला होता, कारण मी चवड्याची काळजी करत होतो आणि प्रत्यक्षात माझी टाच प्रत्येक ब्रेकला दोन बोटे पुढे जात होती. टाचेमागे एक आडवी पट्टी ठोकल्यावर तो प्रश्न कायमचा सुटला. त्यात बुटांचा काही संबंध नव्हता.

दुसरी तक्रार चवड्याची. ती मला सर्वांत गंभीर वाटते, आणि इथे मात्र तुम्ही पायात काहीतरी घातलेच पाहिजे. ॲल्युमिनियमच्या पट्टीवरची भोके दिसायला छान असतात, पकडही देतात. पण मोठा दाब त्या भोकांच्या कडांवर आला की अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या नाजूक भागावर तो ठिकठिकाणी एकवटतो. बधिरपणा ही त्याचीच खूण आहे, आणि बधिर झालेला पाय दाबाचा अंदाज देऊ शकत नाही. पातळ पण टणक तळ असलेला बूट तोच दाब संपूर्ण चवड्यावर पसरवतो. बूट येईपर्यंत पट्टीवर रबराचा पातळ, सपाट तुकडा चिकटवून ठेवला तरी कडा टोचणे थांबेल. ज्यांना चालताना, बसल्या जागी किंवा झोपेतही पायाची बोटे बधिर वाटतात, किंवा ज्यांना मधुमेहामुळे तळव्याची संवेदना कमी झालेली आहे, त्यांनी अनवाणी किंवा नुसत्या मोज्यांनी असली पेडल्स दाबू नयेत, कारण कडेने कातडी सोलली तरी त्यांना ते कळणार नाही. त्यांनी आधी डॉक्टरांना पाय दाखवावा. तुमचा बधिरपणाही उठल्यावर काही मिनिटांत जात नसेल, तर तुम्हीसुद्धा दाखवा.

तिसरी तक्रार म्हणजे धावण्याच्या बुटांत अंदाज न येणे. या विषयाचा गाभा मला इथेच दिसतो, म्हणून थोडा थांबतो.

खऱ्या गाडीत ब्रेक दाबला की चालकाला तो संपूर्ण शरीराने कळतो. पट्टे छातीत रुततात, डोके पुढे जाते, गाडीचे नाक खाली बसते. फॉर्म्युला वनच्या गाडीत जोरदार ब्रेकिंगच्या क्षणी चालकाच्या शरीरावर त्याच्या वजनाच्या सुमारे ५ पट जोर येतो आणि तो ब्रेकवर १०० किलोहून अधिक दाब देतो, पण त्या वेळी त्याच्या पायाचे स्वतःचे वजनही पेडलकडे झेपावत असते आणि त्याला मदत करत असते. घरी यातले काहीच नसते. खुर्ची हलत नाही, पट्टे ताणले जात नाहीत, तंगडी पुढे झेपावत नाही. गाडी किती थांबते आहे हे डोळे आणि कान सांगतात, पण तुम्ही किती दाबता आहात हे सांगणारी जागा फक्त पायात उरते: चवड्याखालची कातडी, घोटा आणि पोटरीचा ताण. म्हणून ‘खरे चालक जे घालतात ते घरीही हवे’ हे तुमच्या मित्रांचे म्हणणे मला उलटे करून पाहावेसे वाटते. तळव्यातून येणाऱ्या निरोपावर घरचा खेळाडू खऱ्या चालकाहूनही अधिक अवलंबून असतो, आणि पायात काय घालायचे ते याच एका कसोटीवर ठरवायला हवे.

धावण्याचा बूट या कसोटीला का उतरत नाही ते पाहा. तो बनवलाच जातो धक्के गिळण्यासाठी. रस्त्यावरच्या शर्यतींसाठी बुटाच्या तळाची जाडी ४० मिलिमीटरपेक्षा जास्त असू नये असा वर्ल्ड ॲथलेटिक्सचा नियम आहे, आणि आजचे अनेक बूट त्या मर्यादेच्या बरेच जवळ जातात. एवढा जाड, मऊ फोम तुमच्या पायाच्या आणि लोड सेलच्या मधे आला की तो एक जादा स्प्रिंग होऊन बसतो. इथे एक गैरसमज दूर करतो. मऊ तळ तुमचा दाब ‘खाऊन टाकत’ नाही. तुम्ही ३० किलो दाबलेत, तर फोम पूर्ण दबल्यावर लोड सेलपर्यंत ३० किलोच पोहोचतात. बिघडते ते दुसरेच. तेवढा दाब पोहोचवायला पायाला जास्त अंतर जावे लागते, त्यात वेळ जातो, आणि सोडताना फोम आपल्या गतीने फुगत असल्यामुळे ब्रेक तुम्हाला हवा तसा अलगद सुटत नाही. वळणात शिरताना ब्रेक हळूहळू सोडत नेण्याची जी कला आहे, ज्याला ट्रेल ब्रेकिंग म्हणतात, तिला हे फार मारक ठरते. त्यातच या बुटांचा तळ स्थैर्यासाठी बाहेरच्या बाजूला पसरट केलेला असतो. तुमच्या डाव्या बुटाची जी कड थ्रॉटलला लागली, ती हीच.

मग रेसिंगचे बूट? ते चांगले असतात यात शंका नाही. तळ पातळ, टाच मागून गोलाकार, रुंदी पायाच्या रुंदीएवढीच. पण त्यांच्या किमतीचा आणि रचनेचा मोठा भाग एका वेगळ्याच गरजेसाठी असतो, आणि ती म्हणजे आग. मोटार शर्यतींचे नियमन करणाऱ्या एफआयएचे ८८५६-२०१८ हे मानक चालकाचा अंगरखा, हातमोजे, मोजे आणि बूट या सगळ्यांनी ज्वाळांपासून संरक्षण द्यावे यासाठी आहे. त्यासाठी बुटाला आतून जे आगरोधक अस्तर लावलेले असते, ते घरच्या खोलीत फक्त पाय गरम करते. मानकाचा शिक्का असलेले बूट केवळ सिमसाठी घेणे मला त्यामुळे पटत नाही. तुम्ही अधूनमधून खऱ्या ट्रॅकवर गाडी चालवत असाल तर गोष्ट वेगळी. मग तेच बूट दोन्हीकडे वापरा, पायाला एकच सवय लागेल.

या दोन टोकांच्या मधे कार्टिंगचे, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतींचे, बूट येतात. आकार तोच, तळ तसाच पातळ, पण आगीचे अस्तर नसते, वरचा भाग मऊ चामड्याचा आणि जाळीदार कापडाचा असतो, त्यामुळे हवा खेळती राहते. घोट्यापर्यंत उंच असले तरी घोटा वाकायला अडवत नाहीत. घरच्या सिमसाठी खास बूट घ्यायचेच असतील, तर माझी पहिली पसंती यांना आहे.

परंतु ‘खास’ हा शब्द काढून टाकला, तर वाटा आणखी आहेत, आणि मला वाटते की बहुतेक वाचकांचे काम त्यांतच होईल. कुस्तीचे बूट विलक्षण पातळ आणि पायाला चिकटून बसणारे असतात; रुंदी कमी असल्यामुळे शेजारच्या पेडलला लागत नाहीत. तायक्वांदोसारख्या खेळांचे हलके बूटही तसेच, फक्त काहींच्या चवड्याखाली फिरण्यासाठी गोल चकती असते, ती पेडलच्या भोकांवर नेमकी बसली तर त्रास देते. बंदिस्त मैदानावरच्या फुटबॉलचे बूट थोडे जाड असतात, पण सपाट आणि टणक असतात, त्यामुळे जड ब्रेकला ते उत्तम. अनवाणी चालल्यासारखे वाटावे म्हणून बनवलेले पातळ तळाचे बूट अंदाजाच्या बाबतीत सर्वांत सरस, मात्र त्यांची बोटांकडची बाजू मुद्दाम रुंद ठेवलेली असते, तेव्हा तुमची पेडल्स जवळजवळ असतील तर आधी मोजून घ्या. पाण्यात घालायचे रबरी बूट अगदी हलक्या पेडलला चालतात. जड ब्रेकला पाय त्यांच्या आतल्या आत सरकतो. आणि कपाटात पडलेला सपाट, पातळ तळाचा कॅनव्हासचा जुना बूट, ज्याकडे कोणी लक्ष देत नाही, तो यातल्या अनेकांच्या बरोबरीने चालतो. वजन उचलण्याच्या व्यायामाचे बूट काही जण सुचवतात, कारण त्यांचा तळ टणक असतो. पण त्यांची टाच उंच असल्याने घोट्याचा कोन बदलतो आणि थ्रॉटलवर बारीक हालचाल करणे अवघड जाते, म्हणून मी ते सुचवणार नाही. सपाता तर मुळीच नकोत. टाच मोकळी असलेले कोणतेही पादत्राण जोरात ब्रेक दाबताना पायातून निसटते आणि पेडलखाली अडकते.

बूट हातात घेतल्यावर तो योग्य आहे का हे ओळखायची एक परीक्षा सांगतो. जमिनीवर एक साधी पेन्सिल ठेवा, बूट घालून चवडा तिच्यावर आडवा येईल असे उभे राहा आणि वजन हळूहळू त्या पायावर घ्या. पेन्सिल कुठे आहे हे डोळे मिटून सांगता आले पाहिजे, पण ती टोचता कामा नये. काहीच कळले नाही तर तळ जाड किंवा मऊ आहे. टोचली तर तळ गरजेपेक्षा पातळ आहे आणि तासाभराने तुमचा चवडा आजच्यासारखाच बधिर होईल. दुसरे, बूट वरून पाहा. तळाची कड बुटाच्या बाहेर डोकावत असेल तर तो बाजूला ठेवा. तिसरे, टाचेचा मागचा कोपरा. काटकोनी, टोकदार टाचेपेक्षा गोलाकार टाच बरी, कारण थ्रॉटलवरचा पाय सारा वेळ टाचेवरच डोलत असतो. नाड्या लांब असतील तर त्यांची टोके आत खोचायची सवय लावा. नाडीचा फास पेडलच्या स्क्रूत अडकलेला मी पाहिला आहे, आणि तो नेमका शर्यत सुरू होताना लक्षात येतो.

दोन्ही पायांची गरज सारखी नसते, हेही सांगायला हवे. तुम्ही डाव्या पायाने ब्रेक दाबता, म्हणजे डाव्या पायाला टणकपणा हवा आणि उजव्याला हलकेपणा. कित्येक जण डाव्या पायात बूट आणि उजव्यात नुसता मोजा घालून वर्षानुवर्षे चालवतात, आणि त्यात चूक काहीच नाही. तुम्हीही हा प्रयोग करून पाहा. तुमच्या पत्रात उजव्या पायाबद्दल एकही तक्रार नाही. मात्र ज्यांना जुन्या गाड्या हाताने गिअर बदलत चालवायला आवडतात आणि ज्यांना उजव्या पायानेच एकाच वेळी ब्रेक आणि थ्रॉटल सांभाळायचा असतो, त्यांना उजव्या बुटाची बाहेरची कड टणक आणि सरळ लागते, कारण थ्रॉटलला हलकी थाप त्याच कडेने द्यायची असते. त्यांना मऊ मोजा पुरणार नाही.

ज्यांची पेडल्स अजून साध्या स्प्रिंगची आहेत, अशा वाचकांना मी बूट घ्यायला सांगणार नाही. मोजे चांगले आहेत. फार तर तळाला रबरी ठिपके असलेले घ्या. खरखरीत चिकटपट्टी लावायची असेल तर ती फक्त ब्रेकवर लावा, थ्रॉटलवर नको, कारण तिथे पायाला थोडे घरंगळता आले पाहिजे, आणि मोजे वापरत असाल तर ती पट्टी मोज्यांना आठवड्याभरात भोके पाडील हे धरून चाला.

आता तुमचा दुसरा प्रश्न, लॅपच्या वेळेचा. बुटांनी तुमचा सर्वोत्तम लॅप कमी होईल असे आश्वासन मी देणार नाही. सुधारेल ती एका लॅपची दुसऱ्याशी असलेली जुळणी, आणि शर्यतीत तीच उपयोगी पडते. हे मोजूनही पाहता येते. पेडलच्या सॉफ्टवेअरमध्ये ब्रेकचा दाब दाखवणारी पट्टी असते, ती उघडा, डोळे मिटा आणि अंदाजाने ५० टक्के दाब देऊन थांबा. डोळे उघडून आकडा लिहून ठेवा. असे दहा वेळा करा, आधी मोज्यांत, मग धावण्याच्या बुटांत, मग पातळ तळाच्या बुटांत. ज्यात दहाही आकडे एकमेकांच्या जवळ येतील, ते तुमचे पादत्राण. आकडे ५० च्या वर आहेत की खाली याला महत्त्व नाही. ते विखुरलेले नसावेत, एवढेच पाहायचे. मित्रांची मते आणि माझी मते बाजूला ठेवून या दहा आकड्यांवर विश्वास ठेवा.

बूट बदलले की ब्रेकचे कॅलिब्रेशन, म्हणजे सॉफ्टवेअरमधली किमान आणि कमाल दाबाची जुळणी, पुन्हा करा. बुटासह पाय पेडलवर नुसता टेकला तरी लोड सेलला थोडा दाब जाणवतो, आणि सरळ रस्त्यावर ब्रेक किंचित लागलेला राहतो. म्हणून पाय सैल टेकवून जेवढा आकडा दिसेल तेवढी सुरुवातीची जागा मृत ठेवा, म्हणजे तेवढ्या दाबाला ब्रेक लागणार नाही. कमाल दाबही कमी करून पाहा. संच १०० किलोपर्यंत मोजू शकतो म्हणून तेवढा दाबलाच पाहिजे असे नाही. खुर्ची न हलता आणि श्वास न रोखता तुम्ही जेवढा दाब तासभर देऊ शकता, तेवढाच कमाल ठेवा. ऑफिसच्या खुर्चीवर तो अनेकांच्या बाबतीत ३० ते ४० किलोंच्या आसपास येतो. तुमची बोटे बधिर होण्यात या आकड्याचाही वाटा असू शकतो. त्यानंतर निदान दोन आठवडे तेच बूट आणि तेच मोजे घाला. दर दोन दिवसांनी बदलत राहिलात तर पायाला कोणताच दाब ओळखीचा होणार नाही.

घरच्यांचे म्हणणे मला अनाठायी वाटत नाही, पण एक गोष्ट त्यांना जरूर सांगा. हे बूट बाहेर वापरायचे नाहीत. बाहेरच्या मातीचे कण तळाला चिकटून येतात, पेडलच्या पट्टीवर ओरखडे काढतात आणि खाली बिजागरीत जाऊन कुरकुर सुरू करतात. पेडल्सपाशीच राहणारा जोड वर्षानुवर्षे टिकतो. फक्त खेळून झाल्यावर तो लगेच पेटीत बंद करू नका. जीभ वर ओढून रात्रभर उघडा वाळू द्या, कारण तासभर जोर लावल्यावर बूट आतून चांगलाच ओला झालेला असतो.

तेव्हा या आठवड्यात काही विकत घेऊ नका. खुर्ची बांधा, फळीला पाचर द्या, खडू लावून पाच लॅप चालवा, ब्रेकचा कमाल दाब उतरवा आणि कपाटातला सर्वांत पातळ, सपाट बूट फक्त डाव्या पायात घालून पाहा. घसरणे थांबले आणि चवडाही शांत झाला, तर खरेदीची गरज उरली नाही. घसरणे थांबले पण चवडा दुखतच राहिला, तर कार्टिंगचे किंवा कुस्तीचे बूट घ्या; संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना घ्या आणि जाताना रोजचे तेच मोजे पायात असू द्या.